कोकणात बाळाची त्वचा कशी सांभाळायची: पहिल्या आंघोळीपासून ओल्या पावसाळ्यापर्यंत

पुण्याकडे किंवा विदर्भात बाळ वाढवणाऱ्यांची तक्रार असते की थंडीत बाळाचे गाल फुटतात, अंग कोरडं पडतं. आपल्याकडे गणित उलटं. चिपळूण घ्या, देवगड घ्या, वेंगुर्ला घ्या, वर्षातले बरेच महिने अंगाला घाम आणि हवेला ओल, त्यात जून ते सप्टेंबर कपडेसुद्धा वाळत नाहीत. म्हणून व्हिडिओत सांगतात तसं दिवसातून तीनदा जाड क्रीम चोपडायचं, ते इथे जसंच्या तसं करू नका. इथे बाळाचं अंग कोरडं ठेवणं हे पहिलं काम, काय लावायचं तो प्रश्न नंतरचा, आणि लावायचंच तर कमी लावायचं. पहिल्यांदा आईबाबा झालेल्यांसाठी, किंवा लग्न होऊन, बदली होऊन कोकणात आलेल्यांसाठी क्रमाने लिहिते.

पहिले काही दिवस

बाळ जन्मतं तेव्हा अंगावर पांढरा चिकट थर असतो. तो घाण नाही, घासून काढायचा नाही, त्याने त्वचेला ओलावा मिळतो आणि जंतूंपासून थोडं रक्षणही होतं. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा सांगते की पहिली आंघोळ निदान २४ तास थांबून घाला. तोपर्यंत रक्तबिक्त लागलं असेल ते मऊ कापडाने टिपलं की झालं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर लाल चट्टे आणि मधे पांढरा ठिपका असं काही दिसलं तर घाबरू नका, बाळ नीट पीत असेल, ताप नसेल तर ते आपोआप जातं. नाकावर बारीक पांढरे दाणे, हातापायांची सालं निघणं, पाठीवर किंवा ढुंगणावर निळसर-राखाडी डाग, हे सगळं आपल्याकडच्या बाळांत अगदी नेहमीचं. निळा डाग बघून कोणी विचारेल बाळ पडलं का, तर नाही, तो जन्मखूण म्हणून असतो आणि बहुतेकांचा काही वर्षांत फिका होतो. डोक्यावर पिवळट खपल्या धरल्या तर आंघोळीआधी थोडं तेल लावून मऊ होऊ द्या आणि मऊ ब्रशने हलकेच सोडवा, नखाने खरवडू नका.

नाळेला काही लावायचं नाही. हळद नाही, राख नाही, तूप नाही. कोरडी आणि उघडी ठेवा, नॅपी नाळेच्या खाली दुमडा, साधारण ५ ते १५ दिवसांत ती गळून पडते. मुळाशी लाली पसरली, पू आला, वास आला तर त्याच दिवशी दवाखाना. डोळ्यांत काजळ घालू नका, काजळ-सुरम्यात शिसं सापडलेलं आहे आणि बोटावरचे जंतू डोळ्यात जातात ते वेगळं. हौस असेल तर तळपायाला तीट लावा.

बाळ पिवळं दिसतंय म्हणून कोवळ्या उन्हात धरा असं सगळेच सांगतील. उन्हाच्या भरवशावर राहू नका. पिवळेपणा पहिल्या २४ तासांतच दिसला, किंवा तळहात-तळपायापर्यंत उतरला, किंवा बाळ पेंगुळलंय, पीत नाही असं वाटलं तर रक्त तपासून घ्यायला हवं. आशाताई प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्या आल्या की बाळाचा कपडा पूर्ण काढून उजेडात दाखवा, नुसता चेहरा दाखवून पाठवू नका.

आंघोळ आणि तेल

बाळंतिणीकडे तेल लावायला, न्हाऊ घालायला मावशी येतात, पाय पसरून त्यावर बाळाला पालथं घेतात आणि अशा सफाईने हात फिरवतात की बघत राहावं. त्यांच्या हाताला मान द्याच. पण पाणी किती ऊन ते तुम्ही ठरवा, कारण मोठ्या माणसाच्या हाताला जे कोमट वाटतं ते बाळाला चटका देऊ शकतं. बादलीत आधी गार पाणी ओता, मग चुलीवरचं किंवा बंबातलं गरम पाणी घाला, ढवळा आणि स्वतःचं कोपर बुडवून बघा. कोपराला गरमही नाही गारही नाही असं लागलं म्हणजे ३७-३८ अंशांच्या आसपास आलं. पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरका. साबण सौम्य, बिनवासाचा, आणि तोही काख, मान, जांघ, ढुंगण एवढ्यालाच, रोज सगळ्या अंगाला फेस करायची गरज नाही.

डाळीचं पीठ, मसूर डाळ, दूध-हळद लावून रगडू नका. अंगावरची लव पिठाने जाते असं म्हणतात, पण ती लव आपली आपणच काही आठवड्यांत गळते. पिठाने फक्त कातडी सोलवटते. ज्या बाळाला इसब आहे त्याला तर अंगाला खाण्याच्या वस्तू अजिबात नकोत, कारण फुटलेल्या त्वचेतून अन्नाची ॲलर्जी तयार होण्याचा धोका असतो.

तेलाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. खोबरेल बाळाच्या त्वचेला चांगलं, मोहरीच्या तेलाने मात्र त्वचेचं वरचं आवरण बिघडतं, म्हणून बाहेरगावच्या कोणी सुचवलं तरी ते नको. लाकडी घाण्याचं असो नाहीतर घरी नारळाचं दूध आटवून काढलेलं, ताजं असू दे, बाटली उघडल्यावर खवट वास आला तर ते बाळाला लावू नका. पहिल्यांदा लावताना मांडीवर रुपयाएवढ्या जागेत लावून एक दिवस बघा. आणि हे लक्षात ठेवा: मार्च ते मे आणि पावसाळ्यात तेल आंघोळीच्या आधी लावायचं आणि धुऊन टाकायचं, अंगावर ठेवून वर झबलं चढवायचं नाही, त्याने घामाची छिद्रं बंद होतात आणि फोड येतात. डिसेंबर-जानेवारीत, संगमेश्वर-सावंतवाडीकडे पहाटे गारठा असतो तेव्हा, आंघोळीनंतर दमट अंगावर दोन-चार थेंब तेल किंवा साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर चालतं. थोड्या मोठ्या मुलाचे ओठ, टाचा फुटल्या तर कोकमाच्या बियांचं मुठेल हातावर चोळून पातळ करून लावा, घरोघरी असतं आणि स्वस्तात उत्तम आहे.

नाकात-कानात तेल सोडू नका. आणि आंघोळीनंतरची धुरी, म्हणजे निखाऱ्यावर ओवा-बाळंतशोपा टाकून त्यावर बाळ धरणं, ते बंद करा. धूर बाळाच्या छातीत जातो, निखाऱ्याने भाजायची भीती असते. घरात हा विषय नाजूक असतो मला माहितीये, भांडण नको, सरळ म्हणा, "आई, डॉक्टरांनी धुराला नको म्हटलंय, आपण अंग कोरडं पुसून उबदार कपड्यात गुंडाळूया." बहुतेक आज्या ऐकतात, त्यांनाही नातवंडाचंच भलं हवं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पुसणं. टॉवेलने खसाखसा नाही, टिपून. मग बाळाला उताणं ठेवा, हनुवटी हळूच वर करा आणि मानेची घडी दोन बोटांनी उघडा. तिथे दूध ओघळून साचलेलं असतं, पांढरट, आंबूस वासाचं, खाली कातडी लाल झालेली. तसंच काखेत, मांडीच्या वळ्यांत, कानामागे, गुबगुबीत बाळ असेल तर मनगटाच्या वळीतही. प्रत्येक घडी उघडून सुती कापडाचं टोक फिरवा आणि दोन मिनिटं पंख्याच्या वाऱ्यात (थेट झोत नको) उघडी राहू द्या. हे एवढं एक काम मनापासून केलं तर कोकणातल्या बाळांची अर्धी दुखणी होतच नाहीत असं मी ठामपणे सांगेन. घड्यांत पावडर भरू नका. टाल्कमचा धुरळा बाळाच्या श्वासात जातो आणि घामाबरोबर तिचे लगदे होतात. बोरिक ॲसिड किंवा कापूर असलेली पावडर तर घरात आणूच नका. कापूर, मेंथॉलवाले बामही नकोत, कापराने लहान मुलांना आकडी येऊ शकते.

नॅपी

दिवसा सुती लंगोट, पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत तेव्हा तयार डायपर, अशी सांगड घाला, त्यात काही कमीपणा नाही. डायपर भरायची वाट बघू नका, तीन-चार तासांनी बदला आणि शी झाली की लगेच. साध्या पाण्याने धुवा, मुलींना पुढून मागे, टिपा आणि दहा-पंधरा मिनिटं उघडं खेळू द्या. लाली दिसली की झिंक ऑक्साइडचं क्रीम जाडसर लावा. दोन-तीन दिवसांत कमी झाली नाही, लाली वळ्यांच्या आत शिरली आणि भोवती सुटे लाल दाणे दिसले तर ती बुरशी, तिचं औषध वेगळं, ते डॉक्टरांकडून घ्या.

घामोळं

मार्च उजाडला की सुरू. घामाच्या नळ्या तुंबतात आणि मान, पाठ, कपाळावर बारीक दाणे येतात. यावर औषध गारवा हेच. पातळ सुती झबलं किंवा नुसतं उघडं, पंखा, दुपारी साध्या पाण्याने एकदा अंग पुसणं, नखं कापणं. बाळाला गुंडाळून, टोपी-मोजे घालून ठेवायची सवय मे महिन्यात सोडा. दाणे पिकले, दुखायला लागले तर दाखवा. आणि "आंबे खाल्ले म्हणून गळू आलं" हे घरोघरी ऐकाल, पण आंब्याने गळू येत नाही. त्याच दिवसांत घाम असतो, खाजवणं असतं, नखातले जंतू आत जातात, त्याने गळू येतं. आंबा खाऊ द्या.

पण आंब्याचा चीक

देठ मोडताना चिरकन जी पिचकारी उडते ना, ती गालावर, ओठावर पडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतात आणि नंतर काळा डाग राहतो. आंबा, काजू, बिब्बा ही तिन्ही एकाच कुळातली झाडं आणि तिघांच्या चिकात, तेलात त्वचा जाळणारे पदार्थ असतात. म्हणून आंबे मुलाच्या हातात देण्याआधी अर्धा-एक तास पाण्यात टाका, धुवा, देठाकडचा भाग कापून टाका, आणि लहानग्याला सालीसकट चोखायला देण्यापेक्षा साल काढून फोडी करून द्या. खाऊन झालं की तोंड-हात धुवा.

काजूचं जास्त जपा. बोंडं गोळा करणं, बिया भाजणं हे मुलांचं सुट्टीतलं मोठं सुख, पण बियांच्या टरफलातलं तेल अंगावर उडालं की भाजल्यासारखं सोलतं, आणि भाजताना निघणारा धूरही डोळ्यांना-चेहऱ्याला लागतो. मुलांना भट्टीपासून लांब बसवा, ओले काजूगर काढायचं काम मोठ्यांनी करायचं. तेल लागलंच तर लगेच भरपूर साबण-पाण्याने धुवा, नखांच्या खालीसुद्धा, कारण तोच हात डोळ्याला जातो. पोटदुखीवर, नजर लागली म्हणून बिब्ब्याचा डाग देऊ नका. काय होतं तर मूळ दुखणं तसंच आणि वर जखम.

पावसाळा

आता खरी परीक्षा. वलणीवरचे कपडे हाताला सुकलेले वाटतात पण शिवणीत ओल असते, चड्डीचं इलॅस्टिक तर कधीच नीट वाळत नाही. घालायच्या आधी इस्त्री फिरवा, विशेषतः शिवणी आणि इलॅस्टिकवर. कुबट वास येणारा कपडा मुलाला घालू नका. शाळेतून भिजून आलेल्या मुलाचे बूट-मोजे दारातच काढा, पाय धुवा, बोटांच्या बेचक्या पुसा. शक्य असेल तर पावसाळ्यात बुटांऐवजी उघडी सँडल वापरा.

या दिवसांत तीन गोष्टी येतात. एक, नाकाभोवती-तोंडाभोवती किंवा पायावर फोड येऊन फुटतो आणि मधाच्या रंगाची खपली धरते. हे जंतूंचं आहे, एकाकडून दुसऱ्याला लागतं, टॉवेल-उशी वेगळी ठेवा, खपली कोमट पाण्याने मऊ करून काढा, आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस मलम पूर्ण लावा. यातल्या काही जंतूंमुळे नंतर काही आठवड्यांनी किडनीला सूज येऊ शकते, म्हणून पुढे कधी सकाळी मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी काळपट-लाल झाली तर थांबू नका.

दोन, खरूज. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती दाणे येतात, तान्ह्या बाळांना तळहात-तळपायावरही. घरात दोघा-तिघांना खाज असेल तर नव्वद टक्के हेच समजा. परमेथ्रिन ५ टक्के क्रीम दोन महिन्यांपुढच्या बाळालाही चालतं, पण किती आणि कसं ते विचारून. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसलेल्यांनीही, मानेपासून पायाच्या नखापर्यंत (तान्ह्यांना डोक्यालाही, डोळे-तोंड सोडून), आणि आठवड्याने परत. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवा, जे धुता येत नाही ते प्लास्टिक पिशवीत बंद करून तीन-चार दिवस ठेवा, खरजेचा बारीक किडा मरतो. उपचारानंतर दोन-चार आठवडे खाज राहते, ती राहिली म्हणून पुन्हापुन्हा क्रीम लावत बसू नका.

तीन, गजकर्ण, म्हणजे त्वचेवरची बुरशी. गोल चट्टा, कडा उठलेली, मधे साफ. इथे माझी कळकळीची विनंती आहे. बाजारपेठेतल्या मेडिकलमधून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून जी मिळते, तिच्यात बऱ्याचदा स्ट्रॉंग स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं एकत्र कालवलेलं असतं. लावल्या लावल्या खाज थांबते, म्हणून सगळ्यांना ती आवडते, पण बुरशी आत पसरत राहते, कातडी पातळ होते, मुलाच्या जांघेत कायमचे व्रण उठतात, आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी सहज मिळतात. तुम्ही घेऊ नका, शेजाऱ्यांची उरलेली तर नाहीच. गजकर्णाचं औषध चट्टा गेल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करायचं असतं. याची दुसरी बाजूही सांगते: इसबासाठी डॉक्टरांनी स्वतः तपासून सौम्य स्टेरॉइड मोजून दिलं असेल तर घाबरून अर्धवट सोडू नका, तिथे ते योग्यच असतं.

समुद्र आणि रान

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हातच नेऊ नका, सनस्क्रीनही नको. मोठ्या मुलांना १० ते ४ सोडून न्या, टोपी, पूर्ण बाह्या. पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ आणि वळ्यांतली वाळू काढणं आलंच, बऱ्याच विहिरींचं पाणी किनाऱ्याला मचूळ असतं, घरी आणून ठेवलेलं वापरा. जेलीफिशचा फटका बसला तर वाळूने घासू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं तो भाग बुडवा (आधी स्वतःचा हात घालून बघा). श्वास लागला, उलट्या झाल्या तर सरळ हॉस्पिटल.

खाजकुयलीची लव किंवा सुरवंटाचे केस लागले तर चोळायचं नाही, चोळलं की आत रुततात. सेलोटेप चिकटवून उचला, मग धुवा. रानातून आल्यावर काखेत, कानामागे, केसांत गोचीड बघा. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या तापाचे, रुग्ण सापडलेत, तिकडच्यांनी तर डिसेंबर ते मे हे टाळूच नये.

अंगावर पित्त उठलं तर कोकमाचं पाणी लावतात, न फुटलेल्या त्वचेवर थंडावा म्हणून ठीक. पण आधी काय खाल्लं ते आठवा. कोळंबी, कुर्ली, तिसऱ्या यांची ॲलर्जी खरी असते. बांगडा-तारली बर्फाशिवाय राहिली तर तिच्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही, आणि ॲलर्जी नसलेलं मूलही लालबुंद होतं. ओठ-डोळे सुजले, आवाज बसला, धाप लागली तर १०८ ला फोन करा.

गालावरचे फिके, जरा खरखरीत डाग जंतामुळे किंवा कॅल्शियम कमी म्हणून येतात असं म्हणतात, बहुतेक वेळा ते त्वचा कोरडी पडून उन्हाने उठून दिसतात आणि मॉइश्चरायझरने हळूहळू भरतात. पण फिक्या डागाला स्पर्श कळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. मुलाचे डोळे मिटायला लावून कापसाचं टोक लावा आणि बोट ठेवून दाखव म्हणा. कुष्ठरोगाचे उपचार तिथे मोफत होतात आणि लवकर धरला की पूर्ण बरा होतो.

कधी पळायचं

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, अंगभर पू भरलेले फोड, दूध तोडलंय, गळून गेलंय, लाली तासातासाला पसरतेय, किंवा काचेचा ग्लास दाबला तरी न जाणारे लाल-जांभळे ठिपके, यातलं काहीही असेल तर रात्र-मध्यरात्र बघू नका. १ वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली उपचार, औषधं आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे, हक्काने मागा. निघताना घरात आतापर्यंत जे जे लावलं ते, ट्यूब, तेल, पावडर, कोणी दिलेला पाला, सगळं एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांपुढे ठेवा, आणि पुरळ सुरू झाली त्या दिवशीचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तोही दाखवा, लावल्यावर ती कशी बदलली ते त्यांना त्यातूनच कळतं.